जगाची शेजपाळी

आमच्या वस्तीवर एक माणूस होता, तो रोज सकाळी पोस्टमनची सायकल अडवून विचारायचा, "जगाकडनं आपल्या गावाचं काय आलंय का?"

पोस्टमनही मुरलेला. तो पिशवीत हात घालायचा, चार पाकिटं वरखाली करायचा, खरंच शोधल्यासारखं तोंड करायचा आणि म्हणायचा, "आज न्हाय, तात्या." मग तात्या खांद्यावरचं फावडं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचे. "असू दे. आपुन टेलला हाय. उशीर लागायचाच," म्हणायचे आणि चालू लागायचे. हे एक-दोन दिवस नाही, चांगली तीन वर्षं चाललं.

नवा माणूस असला की त्याला वाटायचं, म्हातारा डोक्यानं गेलाय. तसं काही नव्हतं. म्हाकूतात्यांचं डोकं ठिकाणावर होतं, आमच्यापेक्षा जरा जास्तच. फक्त त्या डोक्यात पाट होता. पाट म्हणजे कालवा. तात्यांनी सगळी हयात पाटकरी म्हणून काढली होती. वरनं पाणी सुटलं की कुणाच्या रानाचं दार कधी उघडायचं, कधी पाडायचं म्हणजे बंद करायचं, हे पाटकऱ्याच्या हातात. फावडं हे त्याचं हत्यार. रिटायर झाल्यावर सरकारनं सायकल परत घेतली, फावडं तात्यांचं स्वतःचं होतं म्हणून राहिलं. ते लग्नालाही बरोबर असायचं. मांडवाच्या खांबाला टेकवून अक्षता टाकायचे. एका लग्नात आचाऱ्यानं ते चुलाण उकरायला नेलं, तर तात्या पंगत सोडून त्याच्यामागं गेले आणि उभ्यानं ते विसळून घेऊनच पानावर परत बसले.

तर ते जगाचं सांगते.

ब्याण्णव सालची गोष्ट. निमगाव केतकीचा बाजार होता. तात्या न्हाव्याकडं बसलेले, अर्धी दाढी झालेली, समोर पेपर. त्यात बातमी होती की ब्राझील म्हणून लांब देश आहे, तिथं जगातल्या बहुतेक सगळ्या सरकारांची बैठक बसली. पाणी, हवा, जंगल, माती, हे सगळ्यांनी बेतानं वापरायचं, कुणी उपाशी राहता कामा नये आणि नातवंडा-पतवंडांना पुरलं पाहिजे, असं त्यांनी मिळून ठरवलं. तात्या तसेच उठले. आमची वस्ती बाजारापासून दोन मैल. तेवढं चालत, अर्ध्या गालावर साबण वाळलेला, असे माझ्या दारात येऊन उभे.

"शेवंता, लागली बघ. जगाची शेजपाळी लागली."

शेजपाळी आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळते. ह्याचं रान भिजलं की शेजारच्याचं, त्याचं भिजलं की त्याच्या शेजारच्याचं, असं ओळीनं पाणी फिरवायचं. कुणी ओळ मोडायची नाही. ज्याची पाळी त्याचं पाणी. ऐकायला सोपं आहे. पण पाटाच्या तोंडाशी असतो तो पोटभर पितो आणि टेलला, म्हणजे शेपटाला, असतो तो आभाळाकडं बघतो. आमचं निमगाव टेलला. म्हणून आम्हाला वाट बघायची सवय.

मी म्हटलं, तात्या, तोंड धुवा आधी. पण ते उंबऱ्यावरच बसले आणि बोटं मोजत सांगायला लागले. जगानं ठरवलं म्हणजे वरनं सुटलं. तिथून ते दिल्लीला येणार, दिल्लीवरनं मुंबईला, मुंबईवरनं पुण्याला, पुण्यावरनं इंदापूरला, इंदापूरवरनं निमगावला आणि निमगावातनं आपल्या वस्तीला. काय येणार, विचारलं तर म्हणाले, "आपल्या वाट्याचं काम. कुणी किती झाडं लावायची, कुणी किती पाणी राखायचं. एवढी सरकारं बसल्यात म्हंजी घरटी वाटणी केलीच असंल की."

त्या दिवसापासून पोस्टमनची सायकल अडायला लागली.

आता एक गोष्ट मला माहीत होती, वस्तीवर बाकी कुणाला फारशी नव्हती. मी मूळची कोऱ्हाळे बुद्रुकची. तात्याही तिथलेच. कोऱ्हाळं वरच्या अंगाला, बारामतीच्या पलीकडं. पाण्याचं, उसाचं गाव. म्हणून ते मला सुनेसारखं न वागवता माहेरच्या पोरीसारखं, नावानं हाक मारायचे. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आईबाप गेले, मेंढरं विकली, आणि थोरला भाऊ भिवा शेतीला लागला. म्हाकू पाटकरी झाले. भाऊ कसले, एका ताटात जेवणारे. एकानं मीठ मागितलं तर दुसऱ्याचा हात आधी पुढं यायचा.

मग एक वाईट साल आलं. पाण्याची ओढाताण. भिवाआबांची पाळी संपली तरी त्यांनी दार पाडलं नाही. उसाचा खालचा तुकडा कोरडा राहिला होता, अजून थोडं, अजून थोडं करत सकाळ झाली. खाली टेलची माणसं पाटाच्या कोरड्या चारीत उभी. म्हाकूतात्या आले, त्यांनी सख्ख्या भावाच्या रानाचं दार फावड्यानं पाडलं, वर माती ओढली आणि सायबाकडं त्याच्या नावाचा रिपोर्ट दिला. त्यापायी आबांची पुढची पाळीही गेली. ऊस उभ्यानं वाळला.

त्यावर दोघांचं चावडीसमोर भांडण झालं आणि रागाच्या भरात दोघांनी बिरोबाचा भंडारा उचलला. भिवाआबा म्हणाले, म्हाकूच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय. तात्या म्हणाले, मीबी तुझ्या उंबऱ्याला न्हाय. भंडारा उचलून बोललेलं आमच्याकडं मोडता येत नाही. माणूस मोडतो, शब्द नाही मोडत. तात्यांनी बदली मागून घेतली ती थेट टेलला, बायकोच्या माहेरच्या तुकड्यावर. बायको पुढं वारली, लेक पुण्याकडं कंपनीत लागला. आणि भाऊ भावाशी बोलला नाही त्याला वीस वर्षं होत आली होती.

तात्यांनी माझ्याजवळ भावाचं नाव कधी काढलं नाही. पण मी माहेराहून आले की तासाभरात फावडं दारात टेकायचं.

"कोऱ्हाळ्यात चारीला पाणी कसं हाय?"

मी सांगायची, बरं आहे. भिवाआबांच्या बांधापर्यंत आलंय. आबा स्वतः दारं धरून उसाला पाणी देत होते.

"सवता?"

स्वतः. जरा खोकत होते, पण उभे होते.

"सकाळच्या पाण्यात उभं ऱ्हाऊ न्हाय," तात्या चारीला उद्देशून म्हणायचे. मग विचारायचे, बांधावरची बाभळ हाय का अजून. मी म्हणायची, आहे, आबा तिच्याखाली बसतात. एवढ्यावर त्यांचं भागायचं. पुढच्या माहेरपणापर्यंत पुरवायचे.

तीन वर्षं झाली तरी जगाकडनं काही येईना. तात्यांना खात्री, की वाटेत कुणीतरी फोडलंय. पाटाचं पाणी येईना झालं की पाटकरी उलटा वर चालत जातो, फुटलेली जागा सापडेपर्यंत. तात्या तसेच निघाले आणि इंदापूरच्या एका सरकारी कचेरीत जाऊन उभे राहिले. मलाही रेशनकार्डाचं काम होतं म्हणून मी बरोबर. पहिल्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, कोणत्या योजनेचं काम आहे. तात्या म्हणाले, जगाच्या. त्यानं न हसता सांगितलं, जगाचं टेबल इथं नाही, आत विचारा. आतल्यानं बाहेर विचारा सांगितलं. असं चार टेबलं हिंडून आम्ही एका वयस्कर भाऊसाहेबांपुढं आलो. त्यांनी मात्र खुर्ची दिली, चहा सांगितला आणि सगळं ऐकून घेतलं. माणूस वाचणारा होता.

ते म्हणाले, आजोबा, तुम्ही समजता तसं नसतं. सगळी सरकारं बसतात हे खरं. एकेका वाक्यावर दिवसदिवस वाद घालतात. एकाला एक शब्द खुपला की बाकीचे सगळे थांबतात. शेवटी सगळ्यांना चालेल असं लिहितात, सह्या करतात आणि घरी जातात. घरी जाऊन ज्याचं त्यानं ठरवायचं, कसं करायचं ते. पुढच्या बैठकीला येऊन सांगायचं, आम्ही एवढं केलं.

"आन् गेट कुणाच्या हातात ऱ्हातं?" तात्यांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही."

"मग पाटकरी कोण?"

"पाटकरी नसतो, आजोबा."

तात्या माझ्याकडं बघायला लागले. ते परत भाऊसाहेबांकडं वळले. एखाद्यानं सही करूनही पाळलं नाही तर त्याला काय करत्यात, विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, फार काही करता येत नाही. बाकीचे त्याच्याकडं बघतात.

"चारचौघांत?"

"चारचौघांत."

"ते लागतं, सायब," तात्या म्हणाले. "मारण्यापरीस लागतं."

मग त्यांनी विचारलं, आता नेमकं अडलंय कुठं. भाऊसाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, जे देश वरच्या अंगाला आहेत त्यांनी आधीच भरपूर भिजवून घेतलंय. ते आता खालच्यांना म्हणतात, जपून वापरा. खालचे म्हणतात, तुम्ही दार पाडा, मग आम्ही जपतो. वरचे म्हणतात, तुम्ही जपा, मग आम्ही बघतो. तू आधी, तू आधी, ह्यात वर्षं चाललीत.

तात्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. साय धरली त्याच्यावर. येताना एसटीत निमगावचा फाटा दिसायला लागला तेव्हा म्हणाले, "बिनपाटकऱ्याचा पाट हाय गं जगाचा. कसं भिजत आसंल टेलला."

मला वाटलं, आता हे खूळ गेलं. कुठलं जातंय. आठ दिवसांनी तात्यांनी चिठ्ठ्या वाटायला काढल्या. पाटकरी नाही म्हटल्यावर ज्यानं त्यानं आपलं दार आपणच धरायला पाहिजे, असा त्यांनी अर्थ काढला. भाऊसाहेबांनी त्यांना एका मासिकातनं काढलेली मराठी यादी दिली होती, जगाच्या ठरावात काय काय आहे त्याची. तात्यांनी ती पुढं घेऊन, पूर्वी पाळीच्या चिठ्ठ्या लिहायचे तशा, घरटी एकेक चिठ्ठी लिहिली. वर घरधन्याचं नाव, खाली त्याच्या वाट्याचं कलम.

गिरणीवाल्याला धुराचं कलम. माझ्या सासूबाईंना झाडाचं, कारण त्या सरपणाला बांधावरची झाडं छाटायच्या. सासूबाई म्हणाल्या, जगाला सांग, चार भाकरी भाजून दाखव म्हणावं बिनसरपणाच्या. मला चुलीचं कलम आलं, बायांच्या डोळ्यांत धूर जाता कामा नये. मी त्या कलमाच्या जिवावर हट्ट करून नळकांड्याची निर्धूर चूल घालून घेतली, एवढा माझा तरी फायदा झाला.

आमच्या मालकांना पाण्याचं. ते उसाला तुडुंब पाणी द्यायचे, सऱ्या बुडेपर्यंत. तात्या बांधावर येऊन उभे राहिले.

मालक म्हणाले, "जगाचं पाणी काय मी एकटाच पितोय व्हय, तात्या?"

"एकटा न्हाय," तात्या म्हणाले. "पर तुझ्यापास्नं सुरवात केली तर मला जवळ पडतंय."

शाळेचे गुरुजी नवे होते, सडेफटिंग. त्यांना चिठ्ठी आली लोकसंख्येची. गुरुजी कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, तात्या, माझं अजून लग्नच नाही झालेलं. तात्यांनी शांतपणे शिसपेन्सिल पुढं केली. म्हणाले, मग तुमचं तर आधीच पाळून झालंय, सही करा.

दर महिन्याला तात्या तपासणीला यायचे. त्यांच्या वहीत तीनच शेरे असायचे. "पोचलं", "वाटंत हाय" आणि "फुटलं". आमच्या मालकांच्या नावापुढं वर्षभर "फुटलं" होतं. पारावर पोरं तात्यांना चिडवायची, परदेशी सरकारांनी त्यांचं पाळलं का वो, तात्या. तात्या म्हणायचे, त्यांची वही त्यांच्यापाशी, तुझ्या म्हशीचं शेण चारीत जातंय ते काढ. हसत हसत का होईना, लोकं काढायचीही. शेजारची जाऊ माझ्याशी वर्षभर अबोला धरून होती, ती एकदा स्वतःहून विचारायला आली, तुझ्या नावापुढं काय लिवलंय गं. मी म्हटलं "पोचलं". तिचं "वाटंत हाय" होतं. तेवढ्यावरनं ती चार दिवस अंगण झाडून काढत होती.

सगळ्या वस्तीच्या चिठ्ठ्या गेल्या. पण तात्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात एक घडी कायम दिसायची. मी एकदा विचारलं, ही कुणाची राहिली. तर म्हणाले, "ती हितली न्हाय. वरची हाय." आणि खिशावर हात ठेवून उठून गेले.

पुढच्या नागपंचमीला मी माहेरी निघाले. पिशवी भरून फाट्यावर उभी होते, तर तात्या आले. एसटी आली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा ती घडी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाले, "चारीच्या कडंला बाभळ हाय न्हवं, तितं दे."

दुसऱ्याची चिठ्ठी वाचू नये. मी बारामती यायच्या आत वाचली.

आबा बाभळीखालीच बसलेले होते. पार वाळले होते, पण पटका तसाच ताठ. मी पाया पडले, कुणाकडून आले ते सांगितलं. चिठ्ठी पुढं केली. त्यांना वाचता येत नव्हतं. हनुवटीनंच खूण केली, वाच. मी वाचलं. ज्यांचा पाट एक आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसून बोलावं. वर कोण आणि खाली कोण, हे त्या दिवशी काढू नये.

आबा लांब पाटाकडं बघत होते.

"हे म्हाकूनं लिवलंय?"

अक्षर त्यांचं आहे, मी म्हटलं.

"ठरवलंय कुणी?"

मी तात्यांची यादी दहा वेळा वाचलेली होती. असलं कलम त्यात नव्हतं. मी सरळ आबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "समद्या सरकारांनी मिळून, आबा."

"समद्यांनी?"

"समद्यांनी."

"आपल्याबी?"

"आपल्याबी."

आबांनी तंबाखू झाडली. हात पुसले. परत हात पुसले. मग म्हणाले, "एवढं जग म्हणतंय तर मी एकटा न्हाय कसं म्हणू. बरं दिसत न्हाय ते."

वीस वर्षं माणसाला हेच पाहिजे असतं बघा. स्वतःहून वाकायचं नसतं. कुणीतरी मोठ्यानं सांगितलं, मग आमचा काय इलाज, असं म्हणायला जागा पाहिजे असते. मला त्या दिवशी वाटलं, ही सरकारंही त्याचसाठी एवढ्या लांब जाऊन बसत असतील.

पण लगेच आबांचा चेहरा पडला. भंडारा उचललेला. हे त्याच्या दारात जायचे नाहीत, तो ह्यांच्या दारात यायचा नाही. मी म्हटलं, आबा, ती सरकारंसुद्धा एकमेकांच्या दारात नाही गेली. ज्यांचं भांडण, त्यांचं सोडून तिसऱ्याच देशात बसली.

आबा विचार करायला लागले. बाभळीचं पान न् पान मोजल्यासारखा विचार केला.

"बारामती चालंल?" ते म्हणाले. "ना त्याची, ना माझी."

मग बाजाराचा दिवस ठरला. मी तात्यांना घेऊन बारामतीच्या स्टँडवर उतरले तेव्हा आबा आधीच येऊन बाकावर बसलेले, धुतलेलं धोतर, हातात काठी. तात्या दहा पावलांवर थांबले. त्यांचे पाय पुढं जाईनात. मी दंडाला धरून आणलं आणि बाकावर बसवलं. मधे मी, एका अंगाला आबा, एका अंगाला तात्या. दोघंही समोर गाड्यांकडं बघतायत.

"शेवंता, त्याला इचार, ऊस कसा हाय," तात्या मला म्हणाले.

"त्याला सांग, बरा हाय," आबा मला म्हणाले.

असं बराच वेळ चाललं. दोघांची भाषा एक, आई एक, आणि मधे मी दुभाषी. लेकाचं विचारून झालं, म्हशीचं झालं, खोकल्याचं झालं. मग आबांची नजर फावड्यावर गेली.

"त्याला इचार, आज कुणाचं दार पाडायला आणलंय ते."

मी हे काही पुढं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तात्यांनी फावडं हळूच बाकाखाली सरकवलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, मोडलं सगळं. एवढी सरकारं एकत्र आणणं सोपं, पण हे दोन म्हातारे काही एकत्र यायचे नाहीत. मी चहा आणते म्हणून उठले. खरं तर तिथं बसवेना. चार पावलं गेले असेन, तर मागनं आबांचा आवाज आला. ह्या वेळी मधे कुणी नव्हतं.

"म्हाकू, त्या सकाळी माझी पाळी सपली हुती. मला ठावं हुतं."

मी तिथंच थांबले.

तात्या म्हणाले, "कंच्या सकाळी?"

"दार पाडलंस त्या."

"मला न्हाय बा आठवत," तात्या म्हणाले.

ह्या माणसाला तीस वर्षांपूर्वी कुणाचं रान कुठल्या वारी, किती वाजता भिजलं होतं ते तोंडपाठ होतं. पैजा लावून लोकं विचारायची आणि हरायची. तो माणूस भावाच्या तोंडाकडं बघून म्हणत होता, मला आठवत नाही. आणि आबांनी काही पटवायला घेतलं नाही. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि तंबाखू तात्यांपुढं धरली.

मी चहा देऊन बाजारात गेले. बांगड्या भरल्या, मिरच्या घेतल्या, उगीच दोन दुकानं जास्त हिंडले. परत आले तर कोऱ्हाळ्याच्या दोन गाड्या निघून गेलेल्या आणि दोघं तिथंच. तात्या काहीतरी बोलत होते आणि आबा डोळे मिटून मान हलवत होते. तिसरी गाडी लागली तेव्हा कुठं आबा उठले. निरोप असा काही घेतला नाही. आबांनी जाताना तात्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली, एवढंच.

आमची गाडी निमगावच्या रस्त्याला लागली. मला राहवेना. मी विचारलं, तात्या, एवढा वेळ काय बोलत होतात.

ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. तसेच म्हणाले, "आई हाक कशी मारायची, ते मी इसरलो हुतो. मेंढरं लांब गेली की टेकावरनं हाक मारायची. लय वर्सं डोक्यात आणून बघितली, येतच न्हवती. आईचं तोंड आठवतंय, हाक न्हाय. ती आता भिवापाशीच हाय, जगात दुसऱ्या कुणापाशी न्हाय. त्यानं मारून दावली."

स्टँडवर, मी विचारलं, एवढ्या लोकांत?

"हळू मारली. कानापाशी."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, तू मार बरं एकदा. 'म्हा' लांब ओढायचा न् 'कू' एकदम वर टाकायचा. गाडी बाजारकरणींनी भरलेली, पण माझी काही लाज उरली नव्हती. मी मारली हाक. कंडक्टरनं मागं वळून विचारलं, कुणाला उतरायचंय. तात्या डोळे मिटून ऐकत होते. मी आणखी एकदा मारली.

"न्हाय," ते म्हणाले. "जवळ आलतीस. पर ती भिवाचीच."

मी म्हटलं, मग पुढच्या बाजाराला परत मारायला लावा आबांना.

"लावतो," तात्या म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडं वळले. फाटा येईपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. आवाज काढत नव्हते.